प्रोस्टेट कॅन्सरचं हार्मोन इंजेक्शन: पहिल्या डोसच्या आधीपासून पुढच्या तारखेपर्यंत काय, कधी आणि कसं करायचं

मी कॅन्सरच्या औषधांच्या काउंटरवर काम करते. प्रोस्टेटच्या पेशंटची मुलं, सुना, कधी स्वतः आजोबा रोज जे प्रश्न घेऊन येतात ते ऐकून हे लिहायला घेतलंय, कारण चुका त्याच त्याच होतात. इंजेक्शन टोचायला दोन मिनिटं लागतात, तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आधी आणि दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळात. गोळी आधी सुरू करायची होती ती केलीच नाही, तीन महिन्यांचं इंजेक्शन चार महिन्यांनी घेतलं, रात्री दरदरून घाम फुटला म्हणून तापाची गोळी दिली, पीएसए (प्रोस्टेटवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) खाली आला म्हणून बाबांनी परस्पर इंजेक्शन बंदच केलं, हे सगळं टाळता येतं.

इथे जे लिहिलंय ते फक्त पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरबद्दल. हीच औषधं बायकांना एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ब्रेस्ट कॅन्सर, आयव्हीएफ यात पण देतात, पण तिथले डोस आणि तपासण्या वेगळ्या, त्यामुळे इथलं तिकडे लावू नका. आणि डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम आहे. तुमचं काम क्रम पाळायचं आणि लक्ष ठेवायचं.

## १. आधी नेमकं कुठलं इंजेक्शन आहे ते बघा

"हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे" एवढंच सांगून भागत नाही. चिठ्ठीवरचं नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवसांनी, या तीन गोष्टी घरातल्या किमान दोन माणसांना पाठ पाहिजेत.

प्रोस्टेट कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतो, ते खाली आणणं हे या इंजेक्शनांचं काम. आपल्याकडे साधारण दोन प्रकार दिसतात. पहिल्यात ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन (झोलाडेक्स) आणि ट्रिप्टोरेलिन येतात. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायचा निरोप पाठवत असते, ही औषधं तिला आधी जोरात चेतवतात आणि मग ती दमून गप्प बसते. म्हणजे सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि नंतर खाली येतं. दुसरा प्रकार डेगारेलिक्स (फर्मागॉन), हे पिट्युटरीला सरळ अडवतं, त्यामुळे सुरुवातीची ती वाढ होत नाही आणि टेस्टोस्टेरॉन काही दिवसांतच खाली येतं.

डोस साधारण असे असतात:

- ल्युप्रोलाइड डेपो (डेपो म्हणजे एकदा टोचलं की औषध हळूहळू सुटत राहतं असं इंजेक्शन): महिन्याचं ३.७५ किंवा ७.५ मिग्रॅ, तीन महिन्यांचं ११.२५ किंवा २२.५ मिग्रॅ, सहा महिन्यांचं ४५ मिग्रॅ
- गोसेरेलिन: २८ दिवसांचं ३.६ मिग्रॅ, १२ आठवड्यांचं १०.८ मिग्रॅ
- ट्रिप्टोरेलिन: ४ आठवड्यांचं ३.७५ मिग्रॅ, १२ आठवड्यांचं ११.२५ मिग्रॅ
- डेगारेलिक्स: पहिल्या दिवशी २४० मिग्रॅ (१२० ची दोन टोचणी), मग दर २८ दिवसांनी ८० मिग्रॅ

इशारा: तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे महिन्याची तीन इंजेक्शनं एकत्र नव्हेत. औषध हळूहळू सुटण्याची त्यातली रचनाच वेगळी असते. त्यामुळे "मोठं आणून थोडं थोडं देऊ, स्वस्त पडेल" हा हिशोब चुकीचा आहे, डेपो इंजेक्शन कधीही वाटून द्यायचं नाही. तसंच आयव्हीएफसाठी रोज टोचायचं साधं ल्युप्रोलाइड पण बाजारात मिळतं. नाव तेच असतं पण ते डेपो नसतं, महिनाभर पुरत नाही. खोक्यावर "डेपो" लिहिलंय का आणि मिग्रॅ चिठ्ठीशी जुळतंय का हे पैसे देण्याआधी बघा.

## २. पहिल्या इंजेक्शनच्या आधीच्या तपासण्या

लोक बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घाईने इंजेक्शन उरकून टाकतात आणि सहा महिन्यांनी साखर वाढली की विचारतात, "ही इंजेक्शनमुळे वाढली का आधीच होती?" आधीचा आकडाच नसेल तर उत्तर कोण देणार. म्हणून हे रिपोर्ट सुरुवातीलाच करून फाइलला लावा:

- पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन
- हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या
- उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल
- कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी
- ईसीजी, हार्टचा त्रास आधी असेल तर त्या डॉक्टरांचं मत पण
- हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन, जवळ सोय असेल तर
- वजन, कमरेचा घेर, बीपी (घरीच वहीत लिहिलं तरी चालेल)

यासोबत रोजच्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन वगैरे) चालू असतील तर ते टोचणाऱ्या सिस्टरलाही सांगायचं, नुसतं डॉक्टरांना सांगून थांबायचं नाही, कारण टोचल्या जागी रक्त साकळू शकतं. स्वतःच्या मनाने त्या गोळ्या बंद मात्र करू नका, हार्टच्या पेशंटला ते फार महागात पडतं.

अजून एक. ही इंजेक्शनं ईसीजीवरचा क्यूटी नावाचा अवधी लांबवू शकतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं डोम्पेरिडोन यांनीही तेच होऊ शकतं. म्हणून सर्दीखोकल्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तरी "हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे" हे आधी सांगा.

## ३. गोळी आधी, इंजेक्शन मग

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्या प्रकारचं इंजेक्शन दिल्यावर पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उसळी मारतं. कॅन्सर प्रोस्टेटपुरता असेल तर बहुतेक वेळा काही जाणवत नाही, पण तो मणक्यात पसरलेला असेल किंवा लघवीचा मार्ग आधीच चिंचोळा झाला असेल तर हाडं जास्त दुखणं, लघवी तुंबणं, आणि क्वचित मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडणं इथपर्यंत जाऊ शकतं. ही उसळी झाकायला डॉक्टर बायकॅल्युटामाइडसारखी गोळी देतात, साधारण ५० मिग्रॅ रोज एक. काही डॉक्टर ती इंजेक्शनच्या आठवडाभर आधी सुरू करतात, काही त्याच दिवशी, आणि पुढे तीन-चार आठवडे चालू ठेवतात.

यात तीन प्रकारे चुकतं. एक म्हणजे चिठ्ठीवर गोळी आणि इंजेक्शन दोन्ही लिहिलेलं असतं, गोळी मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणून "नंतर घेऊ" म्हणतात आणि इंजेक्शन आधी होऊन जातं. दुसरं, इंजेक्शन झालं त्या दिवसापासून गोळी बंद करतात, आता मोठं औषध मिळालं मग ही कशाला असं वाटतं, आणि खरी गरज तर त्या पुढच्या दोन आठवड्यांत असते. तिसरं याच्या बरोब्बर उलटं, बंद करायची तारीख कुणी लिहूनच दिली नाही म्हणून गोळी दोन-दोन वर्षं चालूच राहते, लिव्हरची तपासणी नाही काही नाही. काही जणांना दोन्ही एकत्र पुढे चालू ठेवायचं असतं हे खरं, पण ते डॉक्टरांनी ठरवलेलं असलं पाहिजे.

इथे थांबून तपासा: गोळी कुठल्या तारखेला सुरू, इंजेक्शन कुठल्या तारखेला, गोळी कुठल्या तारखेला बंद, या तीनही तारखा चिठ्ठीवर पेनाने लिहून घेतल्यात का? नसतील तर केबिनमधून उठू नका. आणि मणक्याला गाठ असल्याचं स्कॅनमध्ये आलं असेल, कंबर सतत दुखत असेल किंवा लघवीला जोर लावावा लागत असेल तर ते इंजेक्शनच्या आधीच स्पष्ट सांगा, अशा पेशंटला डॉक्टर कधीकधी डेगारेलिक्स किंवा अंडकोष काढण्याच्या ऑपरेशनचा पर्याय निवडतात.

## ४. विकत घेणं, आणणं, ठेवणं

सगळी इंजेक्शनं फ्रीजमधली नसतात. गोसेरेलिन २५ डिग्रीच्या आत चालतं, ल्युप्रोलाइडचे काही ब्रँड बाहेर ठेवायचे असतात तर काही २ ते ८ डिग्रीतच. म्हणून शेजारच्या काकांचं कसं ठेवलं होतं ते विचारू नका, आपल्या खोक्यावर काय छापलंय ते वाचा.

फ्रीजमधलं असेल तर मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, मागच्या भिंतीला चिकटवून पण नको, तिथे ते गोठतं आणि गोठलेलं औषध वाया गेलं असंच धरायचं. दारातला कप्पा सारखा उघडझाप होतो म्हणून तोही टाळा. तालुक्याच्या गावाहून एसटीने आणायचं असेल तर मेडिकलवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणि जेलपॅक घ्या, आणि जेलपॅक आणि खोकं यांच्यात वर्तमानपत्राची जाड घडी घाला म्हणजे औषधाला थेट बर्फ लागणार नाही. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डिकीत कुठलंच औषध ठेवू नका, बाहेरचं चालणारं पण नाही.

बिल आणि रिकामं खोकं दोन्ही जपा. बॅच नंबर आणि एक्स्पायरी तिथेच असते, आणि दुसऱ्या हॉस्पिटलला गेलात तर नेमकं काय दिलं होतं हे त्यावरूनच कळतं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का हे पहिलं इंजेक्शन विकत घेण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर विचारलं की खिशातले पैसे गेलेले असतात.

## ५. टोचायच्या दिवशी

उपाशी राहायची गरज नाही. नाश्ता, पाणी, रोजच्या गोळ्या सगळं घेऊन जा. सैल कपडे घाला.

हे घरी करायचं काम नाही. ओळखीचा कंपाउंडर इतर सगळी इंजेक्शनं छान देत असेल, पण डेपो बनवायची पद्धत वेगळी आहे आणि ती ज्याने केलीये त्याच्याकडूनच टोचून घ्या. तुम्ही बाजूला उभं राहून एवढं बघू शकता:

ल्युप्रोलाइडची पावडर असेल तर ती पॅकसोबत आलेल्या द्रवातच मिसळायची, साधं डिस्टिल्ड वॉटर घालायचं नाही. मिसळल्यावर ते दुधासारखं एकसारखं पांढरट दिसलं पाहिजे, गुठळ्या किंवा तळाला चिकटलेली पावडर दिसली तर तसंच टोचू देऊ नका. बनवून ठेवून मग पेशंटला बोलवायचं असं होऊ नये, पेशंट बेडवर आल्यावरच बनवायचं, कारण खाली बसलेलं औषध सुईत अडकतं आणि अर्धा डोस सिरिंजमध्येच राहतो. फ्रीजमधलं असेल तर आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं असतं. सुई पॅकमधलीच, बारीक सुई लावली तर कमी दुखेल म्हणून बदलायची नाही. स्नायूत द्यायचं का कातडीखाली हे ब्रँडप्रमाणे बदलतं, त्यामुळे ब्रँड बदलला असेल तर सिस्टरला तसं सांगा.

गोसेरेलिन हा द्रव नसतो, तांदळाच्या दाण्याएवढी बारीक कांडी असते, ती बेंबीच्या खालच्या भागात पोटाच्या कातडीखाली बसवतात. सुई जाड असते त्यामुळे पेशंट घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवा. सिरिंजच्या खिडकीतून कांडी दिसते, ती दिसतेय ना हे टोचण्याआधी बघायचं. खूप बारीक माणूस असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचल्यावर थोडा वेळ तिथेच बसवून ठेवा. पोट फुगणं, चक्कर, जागेवर वाढत जाणारी सूज दिसली तर लगेच बोलवा.

डेगारेलिक्स जोरात हलवायचं नसतं, हळू गोल फिरवत विरघळवायचं असतं, त्याला वेळ लागतो, सिस्टरला घाई करू नका. पहिल्या दिवशी दोन वेगवेगळ्या जागी टोचतात. लेंग्याची नाडी किंवा पट्टा जिथे घासतो ती जागा सोडून द्या म्हणून सांगा, नाहीतर पुढचे चार दिवस तिथेच काचत राहतं.

टोचल्यावर जागा चोळायची नाही, शेकायची नाही. दुखणं, लालसर गाठ, थोडा ताप हे विशेषतः डेगारेलिक्सच्या पहिल्या डोसनंतर बऱ्याच जणांना होतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. त्याऐवजी वाढतच गेलं, पू दिसला किंवा थंडी वाजून ताप आला तर दाखवा.

तपासा: घरी निघण्याआधी वहीत लिहा: तारीख, औषधाचं नाव आणि मिग्रॅ, बॅच नंबर, डावी बाजू का उजवी, पुढची तारीख. पुढच्या वेळी बाजू बदलायची.

## ६. पहिले चार आठवडे

पहिल्या प्रकारच्या इंजेक्शनने या काळात टेस्टोस्टेरॉन आधी वर आणि मग खाली जातं, साधारण दोन ते चार आठवड्यांत पार तळाला पोचतं. घरच्यांनी रोज तीन गोष्टी विचारायच्या: लघवी नीट होते का, कंबर किंवा पाठ नेहमीपेक्षा जास्त दुखते का, पायात ताकद आहे का.

थेट हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता: पायातली ताकद कमी होणं, चालताना पाय लटपटणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तास मोजायचे असतात. "वयामुळे पाय दुखत असतील, उद्या सकाळी बघू" असं म्हणून रात्र घालवलेल्या घरातली माणसं काउंटरवर येतात तेव्हा काय बोलावं तेच कळत नाही, म्हणून परत सांगते, रात्री दोन वाजले असले तरी निघा.

अचानक फार जोराचं डोकं दुखून उलट्या, दिसायला अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, छातीत दुखणं, धाप, चेहऱ्याला सूज आणि अंगभर पित्त, फिट येणं, यासाठी पण तसंच.

## ७. तारखेचं गणित

२८ दिवस म्हणजे चार आठवडे, कॅलेंडरचा महिना नाही. "दर महिन्याच्या ५ तारखेला" असं धरलं तर दर वेळी दोन-तीन दिवस सरकतात. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, तीन महिने म्हणजे ८९ ते ९२. वार धरा, सोपं जातं: पहिलं मंगळवारी झालं तर प्रत्येक वेळी मंगळवार. पहिल्याच दिवशी वर्षभराचे मंगळवार कालनिर्णयवर गोल करून टाका आणि प्रत्येकाच्या आठवडाभर आधी "औषध मागवणे" असं लिहा, कारण छोट्या गावात ते त्याच दिवशी मिळत नाही.

गणपती, दिवाळी, लग्नसराई, पेरणी यात तारखा हमखास चुकतात. त्या दिवशी जमणार नसेल तर आधीच फोन करून विचारा. साधारणपणे उशिरापेक्षा थोडं आधी घेणं बरं, पण किती आधी चालेल ते डॉक्टर सांगतील. तारीख लांबली तर टेस्टोस्टेरॉन परत वर यायला लागू शकतं. चुकलंच तर लपवू नका, पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका, लवकरात लवकर घ्या आणि पुढची तारीख प्रत्यक्ष घेतलेल्या दिवसापासून मोजा.

मुलाकडे परदेशी सहा महिने जाणार असाल तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. जास्त मुदतीचं इंजेक्शन देता येईल का, तिकडे कुठलं मिळतं, हे आधी ठरवा, आणि औषधाचं मूळ नाव, मिग्रॅ, शेवटची तारीख असलेलं पत्र इंग्रजीत घ्या.

## ८. साइड इफेक्ट: काय सोसायचं, काय नाही

गरमीचे झटके. हे बहुतेकांना होतात. छातीतून मानेकडे आणि तोंडावर एकदम गरम लाट येते, मग घाम, मग हुडहुडी. रात्री बनियन भिजून उठतात, पंखा पाचवर करतात आणि पाच मिनिटांनी चादर मागतात. घरच्यांना वाटतं मलेरिया झाला. थर्मामीटर लावा, ताप नसेल तर हा झटकाच. पण डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा, कारण साखर खाली गेल्यावरही असाच घाम फुटतो आणि ते चुकवून चालत नाही.

आठवडाभर झटके कधी येतात ते लिहा. उकळता चहा, तिखट रस्सा, दारू, तंबाखू, बंद खोली यातलं काहीतरी बऱ्याचदा सापडतं. सुती कपडे, रात्री उशाशी पाणी आणि कोरडा बनियन. झोपच उडत असेल तर यावर गोळ्या आहेत, डॉक्टरांना मागा, नुसतं सहन करत बसू नका.

हाडं. हा साइड इफेक्ट जाणवत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही आणि बाथरूममध्ये साधं घसरल्यावर खुबा मोडतो तेव्हा कळतं. टेस्टोस्टेरॉन गेल्यावर हाडांची झीज सुरू होते. दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ कॅल्शियम पोटात जायला पाहिजे, आधी जेवणातून: पाव लिटर दुधात साधारण ३०० मिग्रॅ, १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५०, शिवाय दही, ताक, तिळाची चटणी, पालेभाज्या. उरलेलं गोळीतून, पण किडनी स्टोन किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारूनच. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर घ्या, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

इशारा: व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा असते, तीही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. ती रोज घेणारे लोक येतात आणि त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

डेक्सा दर एक-दोन वर्षांनी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करायचं ठरलं तर त्याच्या आधी दात दाखवून घ्या, काढायचे असतील ते आधीच काढा, कारण ही औषधं चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. क्रम उलटा झाला तर मग सगळेच अडकतात. घरात रात्रीचा दिवा लावा, बाथरूममध्ये दांडा बसवा, सरकणारी पायपुसणी काढा.

वजन, साखर, हार्ट. पोट सुटतं, दंड-मांड्या बारीक होतात, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढतं. तीन महिन्यांनी साखर परत तपासा, मग डॉक्टर म्हणतील तसं. बीपी घरी बघत राहा. तंबाखू आणि सिगरेट सोडायला यापेक्षा ठोस कारण सापडणार नाही.

थकवा आणि स्नायू. "आजारी माणूस आहे, आराम करू दे" म्हणून घरचे खाटेवर बसवून ठेवतात आणि त्यानेच ताकद अजून जाते. रोज अर्धा तास चालणं, आणि त्यासोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. मणक्यात किंवा खुब्यात कॅन्सर असेल तर कुठला व्यायाम चालेल ते आधी विचारा, वाकून वजन उचलायचं नाही. हिमोग्लोबिनही थोडं उतरतं, पण स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, तपासून मग.

जेवणात प्रत्येक वेळी प्रथिनं पाहिजेत: उसळ, डाळ, अंडी, मासे, पनीर. नुसती पेज आणि फळांचा ज्यूस यावर स्नायू राहत नाहीत.

इशारा: ताकदीची पावडर, शिलाजित, अश्वगंधा, "पुरुषशक्ती"ची चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. आपण हजारो रुपये घालून जे हार्मोन खाली आणतोय तेच वर न्यायचा दावा यातली बरीच उत्पादनं करतात.

छाती. छाती हुळहुळणं, थोडी वाढणं होतं, बायकॅल्युटामाइडच्या गोळीमुळे जास्त. फार त्रास असेल तर उपाय आहेत आणि ते लवकर केले तरच उपयोगी पडतात. एकाच बाजूला कडक गाठ लागली तर वेगळं दाखवा.

मन आणि नवरा-बायको. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं हे औषधाचं काम आहे, माणसाचं नाही, आणि बायकोला हे डॉक्टरांसमोर सांगितलं गेलं तर घरात गैरसमज होत नाहीत. बाबा मुलांशी यावर बोलणार नाहीत, त्यामुळे डॉक्टरांकडे त्यांना पाच मिनिटं एकट्याने बसू द्या. सिल्डेनाफिलसारखी गोळी इच्छा आणत नाही, आणि हार्टसाठी जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट चालू असेल तर ती घ्यायचीच नाही, बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं. चिडचिड, बारीकसारीक गोष्टीवरून डोळ्यात पाणी, गप्प राहणं, विसरणं हेही होतं. दोन आठवड्यांवर उदासपणा टिकला, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर ते डॉक्टरांना तितक्याच गंभीरपणे सांगा जितकं रक्ताच्या रिपोर्टबद्दल सांगाल.

## ९. रिपोर्ट कसे बघायचे

नुसता पीएसए करून येऊ नका, काही वेळा सोबत टेस्टोस्टेरॉनही लागतं, कारण इंजेक्शन काम करतंय का हे त्यावरून कळतं. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली हवं, आणि लॅब जर नॅनोमोलमध्ये देत असेल तर हीच मर्यादा १.७ होते, एकक न बघता दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की उगाच घाबरायला होतं. नमुना पुढच्या इंजेक्शनच्या थोडं आधी दिला तर औषधाचा असर मुदतभर टिकतोय का ते समजतं. शक्यतो एकाच लॅबमधून.

- पीएसए खाली, टेस्टोस्टेरॉन खाली: चालू ठेवायचं. आकडा औषधामुळेच खाली आहे.
- पीएसए वर, टेस्टोस्टेरॉन पण वर: तारीख चुकली का, डोस पूर्ण गेला का, आधी हे शोधायचं. ती वही इथे कामाला येते.
- पीएसए वर, टेस्टोस्टेरॉन तळाला: कॅन्सर इंजेक्शनला दाद देईनासा झाला असू शकतो, पुढची औषधं लागतील. अशा वेळीही इंजेक्शन स्वतःहून बंद करायचं नाही.

अबिराटेरोन किंवा एन्झाल्युटामाइड या गोळ्या सुरू झाल्या की "आता गोळी आहे, इंजेक्शन कशाला" असं बऱ्याच जणांना वाटतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर इंजेक्शन सोबत चालूच राहतं. अबिराटेरोन उपाशीपोटी घ्यायची, खाल्ल्यानंतर दोन तासांनी आणि पुढे एक तास काही खायचं नाही, सोबत दिलेली स्टेरॉइडची गोळी सोडायची नाही, आणि बीपी-पोटॅशियम तपासत राहायचं.

## १०. बंद करायचं असेल किंवा परवडत नसेल

काही पेशंटना ठरावीक मुदतीपुरतंच इंजेक्शन असतं, उदाहरणार्थ रेडिएशनसोबत, आणि काहींना डॉक्टर मधे मधे सुट्टी देतात, पण त्या सुट्टीत पीएसए नियमित बघायचा असतो. शेवटच्या डोसनंतर लगेच पहिल्यासारखं वाटायला लागत नाही. टेस्टोस्टेरॉन परत यायला कित्येक महिने लागतात आणि वय जास्त असेल, औषध बरीच वर्षं घेतलं असेल तर ते पूर्ण येतही नाही. म्हणून गरमीचे झटके चालू आहेत म्हणजे अजून इंजेक्शनचा असर आहे असं धरून पीएसए चुकवू नका.

दर तीन महिन्यांनी शहरात जाणं जमत नसेल, पैशांची ओढाताण होत असेल, आणि औषध कायमचं लागणार असेल तर डॉक्टरांना अंडकोष काढण्याच्या छोट्या ऑपरेशनबद्दल विचारा. टेस्टोस्टेरॉन काही तासांतच खाली येतं, तारखा पाळायच्या राहत नाहीत, खर्च एकदाच. ते परत फिरवता येत नाही, आणि हाडं, साखर, गरमीचे झटके हे सगळं तसंच राहतं, म्हणजे कलम ८ त्यांनाही लागू. निर्णय पेशंटचा स्वतःचा असू द्या, मुलांनी बाहेरच्या बाहेर ठरवू नका. पण पैसे संपले म्हणून गुपचूप इंजेक्शन सोडून देण्याआधी हा प्रश्न एकदा विचारा, आणि पुढच्या तारखेच्या आधी विचारा.